दादाचा कॉम्प्युटर नवा झाला

...आणि वर मलाच म्हणतात, सया, अरे नवीन आहे, चांगलंच असणार, तू तोंड पाडून का बसलायस! आता मला सांगा, नवी चप्पल चावते, नवा माठ पाझरतो, नव्या खाटेवर झोप लागत नाही, आणि हा कॉम्प्युटर तेवढा नवीन म्हणून चांगलाच? कोणी सांगितलं? शेठनं. शेठला कोणी सांगितलं? महाप्याच्या कॉम्प्युटरवाल्या कुलदीपनं. कुलदीपला कोणी सांगितलं ते देवाला माहीत, पण त्याच्या गळ्यात टाय होता, आणि आमच्या तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात टायवाला आला की गोण्यासुद्धा अंग चोरून वाट देतात.

तर तुम्हाला सांगतो, कॉम्प्युटर शेठचा, पण चालवायचा माझा दादा. जोतीराम. आमच्या घरात दहावी पास झालेला एकटाच. मी चौथीत शाळा सोडली, म्हणजे शाळेनं मला आधीच सोडलं होतं, मी फक्त दप्तर घरी आणलं. मी खाली हमाल, आणि दादा वर, नंदकिशोर शेठच्या गाळ्यात, पोटमाळ्यावर, पंख्याखाली. शेतकऱ्याचा माल किती आला, काय भावानं गेला, त्याची पट्टी दादा मराठीत छापून द्यायचा. जुन्नरकडचे म्हातारे ती पट्टी डोळ्यांजवळ धरायचे आणि म्हणायचे, जोतीराम, लेका, काय मोत्यासारखं अक्षर रे तुझं. आता मशीनचं अक्षर ते, पण दादा लाजायचा.

मी चहाच्या टायमाला वर जायचो. हात मातीचे, कांद्याच्या वासाचे, आणि बटण दिसलं की मला आवरायचं नाही हो. एकदा असंच काहीतरी दाबलं आणि कुणाची तरी अर्धी पट्टी गायब. दादा ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी वर गेलो तर खुर्ची रिकामी, पडदा काळा, आणि त्या काळ्यावर एका बाजूनं लाल अक्षरं चालत आली... ‘सया, हात लावू नको.’ गेली दुसऱ्या बाजूला. परत आली. पट्टी सोडली तर सगळं इंग्रजी त्या मशीनमध्ये, आणि एवढंच मराठीत, मला वाचता यावं म्हणून! आख्खा गाळा हसला. मशीनला थोडा वेळ कोणी शिवलं नाही की ती ओळ यायची, आणि कुठंही बोट लावलं की जायची. अशी ती करामत.

मग श्रावणात दादाला कावीळ झाली आणि दादा गेला. त्याच्यावर मी जास्त बोलत नाही. बोलायला गेलं की... असो.

त्यानंतर मी रोज चहा घेऊन वर जायचो आणि हात पाठीमागं बांधून त्या पडद्यासमोर बसायचो. हमालाचा हात रिकामा बसत नाही, पण बसवायचो, कारण हात लावला की दादा जातो ना. सया, हात लावू नको. नाही लावत, दादा. परत यायचा. नाही लावत, बाबा. जन्मात पहिल्यांदा मी त्याचं ऐकत होतो, आणि तेव्हाच शेठला नवीन सिस्टीम सुचली. मी म्हटलं, जुनी काय वाईट आहे? शेठ म्हणाला, नवीन आहे, चांगलंच असणार. दिवाणजी कोंडिबा म्हणाले, चांगलंच असणार. अहो, चहावाला पण म्हणाला, ज्यानं जुनीही बघितली नाही!

कुलदीप आला. म्हणाला, उद्या हिच्यातलं सगळं पुसून नवीन टाकणार, तेव्हा ज्याला जे हवंय ते त्यानं आज काढून ठेवा. सुचित्राताई, दादाच्या जागेवर नेरूळहून येतात त्या, त्यांनी हिशेब फ्लॉपीत काढला. दिवाणजींनी शेतकऱ्यांची नावं कागदावर छापून घेतली. आणि मी? मला काय हवं होतं? दादा कशावर दिसतो? पडद्यावर. मग मी काय काढून ठेवणार? सगळे जेवायला गेले तेव्हा मी वायरी उपसल्या, डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर तो मॉनिटर घेतला आणि निघालो. गोणीपुढं ते म्हणजे फूल हो! पुसा म्हटलं आता, खालचा डबा काय पुसायचा तेवढा पुसा.

कोपरखैरण्यात आमच्या चाळीत बोंब झाली, सयानं टीव्ही आणला. आईनं दारातच अडवलं. वर्ष नाही सरलं आणि टीव्ही आणतोस व्हय रं? मी म्हटलं, आई, टीव्ही नाही, ह्याच्यात दादाची ओळ येते. तिनं पदरानं काच पुसली, हळद-कुंकू लावलं आणि समोर बसली. तिला वाचता येत नाही, पण बसली. शेजारच्या दत्तूनं वायरीला प्लग जोडून दिला, बटण दाबलं, कोपऱ्यात हिरवा दिवा लागला. म्हटलं, आला! आता थोडा वेळ शिवायचं नाही कोणी.

बसलो. पडदा काळा. दत्तूची पोरं दारात गोळा झाली आणि सिनेमा नाही म्हणून निघून गेली. चहा निवला. आई म्हणाली, “आलं का रं?”

“येईल,” मी म्हटलं. “तू हात लावू नको.”

आणि तिनं लगेच हात मागं घेतला हो, मांडीखाली दाबून ठेवला... मी दिवसभर दोन मणाची ओझी उचलतो, पण तेवढं मला उचलवलं नाही.

सकाळी तेच धूड डोक्यावर घेऊन मार्केटात परत. तोवर कुलदीपनं दुसरा मॉनिटर लावून काम उरकलेलं. शेठ पेटलेला. कुलदीपला सगळं सांगितलं, तर तो आधी हसला, मग माझं तोंड बघून म्हणाला, “अहो, हा नुसता चेहरा असतो. डोकं खाली डब्यात. तुम्ही चेहरा घरी नेलात आणि डोकं मी पुसलं.” एक ओळ वाचवायला काही लागत नव्हतं म्हणे, आधी सांगायचं. अरे, कसं सांगणार? ती ओळ म्हणजे कामाची वस्तू थोडीच होती!

आणि ह्यांचं नवीन सुरू झालं. बटण दाबलं तर पडद्यावर निळं आभाळ आणि ढग. दिवाणजी जिन्यातून खाली ओरडले, आभाळ आलंय रे, ताडपत्री टाका. सवयच ती, कांद्याचा माणूस! मग कळलं की मशीन बंद करायचं तर आधी ‘सुरू’चं बटण दाबायचं. दिवाणजी म्हणाले, म्हणजे दुकान वाढवायला आधी शटर उघडा? त्या दिवशी त्यांनी मशीनला हात जोडले आणि चालूच ठेवून घरी गेले. शेठला पडद्यावर कचऱ्याचा डबा दिसला, तर म्हणे लक्ष्मीच्या फोटोसमोर कचरा चालणार नाही, मग फोटो उचलून दुसऱ्या भिंतीवर नेला. आणि थोडा वेळ कोणी शिवलं नाही की काय येतं? चांदण्या. नुसत्या चांदण्या अंगावर येतात. मी विचारलं, ह्या कोणाच्या? तर म्हणे कोणाच्याच नाहीत, अशाच येतात.

मी वर जायचं सोडलं. चहा खालीच, गोणीवर बसून.

शेवटी सुचित्राताईच खाली आल्या. म्हणाल्या, सयाभाऊ, नव्यातही ओळ टाकता येते, चला, सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नाही ताई, मी लिहिणार. म्हटलं खरं! एक बोट, आणि कुठलं अक्षर कुठल्या बटणाखाली लपलंय त्याचा पत्ता नाही. स सापडतो तर या सापडत नाही. चौथीची परीक्षासुद्धा मी एवढा वेळ लिहिली नव्हती. त्यांनी रंग विचारला. लाल.

मग म्हणाल्या, आता सगळ्यांनी हात काढा. मी हात पाठीमागं बांधले. शेठनंही बांधले, दिवाणजींनीही. पडदा काळा झाला, आणि आली हो... ‘सया, हात लावू नको.’ तीच ओळ, तोच रंग, तशीच चालत. आणि ती लिहायला मी किती वेळ हात लावला होता, ते दादा असता तर काय म्हणाला असता!

शेठ खूश. म्हणाला, बघ, जुन्यापेक्षा ठळक दिसतं की नाही? तुला सांगत होतो, नवीन आहे, चांगलंच असणार.

चांगलंच आहे हो. मी कुठं नाही म्हणतोय? फरक एवढाच, आधी हात लावला की दादा जायचा. आता हात लावला की नुसती अक्षरं जातात.