गाठ काय पिकलीच न्हाई

आमी कवठे महांकाळच्या पल्याडचं, माळावरचं. मेंढरामागंच जलम गेला बगा ताई. आज्जा मेंढरामागं, आबा मेंढरामागं, मी शाळेत बसलो न बसलो तोवर हातात काठी आली. आता समदीकडं कालव्याचं पानी फिरलं, द्राक्षाच्या बागा झाल्या, बागवाला लांबनंच वरडतो, तिकडं घे तुजी मेंढरं. मग आमी रान हुडकत पार आष्ट्यापातुर जातो, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवतो, मालक खताच्या बदल्यात ज्वारी देतो.

आबाचा, म्हंजी माज्या बापाचा हात लय चांगला. मेंढराला कानाखाली गाठ येती, तुमी बगितली नसंल. ती पिकू द्यायची, वरची लोकर गळाया लागली की समजायचं, मग पातं तापवून एक चीर, आतनं दह्यावानी घट्ट पू येतो, हळद भरायची, मेंढरू दुसऱ्या दिशी चराया लागतं. लोकं लांबनं बोलवाया यायची आबाला.

आनि मलाबी तितंच आली की वो, डाव्या कानाखाली. नुकतंच लगीन झालं व्हतं, कारभारीन म्हनली, ह्ये काय वो. दुखत न्हाई, खुपत न्हाई, बोटानं ढकलली तर हालती. आबानं चाचपली, म्हनला, मेंढराचीच हाय, पिकू दे. मग बसलो वाट बगत. पिठाचं पोटीस बांदलं, बिब्बा लावला, देवाचा भंडारा लावला. काय सांगू तुमाला ताई, पिकलीच न्हाई. नुसती वाडायची, गपगुमान. शेवटाला आबाच वैतागला, माजं डोकं मांडीत दाबून धरलं, मेंढराचं धरावं तसं, आनि दिली चीर. पू न्हाईच. डिंकावानी चिकाट कायतरी आलं थोडं. आबा बोटं चोळत बगत बसला. तेवडं मात्र मला आवडलं न्हाई, आबाचं तसं बगनं. पन हळद भरली, जखम भरली, समद्यास्नी वाटलं गेली गाठ.

न्हाई गेली. आबा वारल्यावर त्याच जाग्यावर मुगाएवडी एक उटली, मग तिच्या शेजारी दुसरी, मग कानामागं. दाडी करताना त्या हाताला लागाया लागल्या. पटका जरा खाली वडून बांदाया लागलो.

औंदा पोरीनं वडून मिरजंच्या दवाखान्यात न्हेलं. डाक्टरीन तरनी, बोलाया गोड. सुई घालून तपासलं, मशीनीत घालून बगितलं, म्हनली, काका, लाळ जितं तयार हुती तितली गाठ हाय, साधी हाय, क्यान्सर न्हाई. मी उटलोच लगीच, पोरीला म्हनलो चल, एष्टी गावंल. तर डाक्टरीन म्हनली, बसा. पयल्यांदाच चिरली नसती तर आक्खी काडता आली असती, आता तिचं बी-बियानं आतमदी सांडलंय, त्येच्याच ह्या नव्या उटल्यात. तोंडाची नस त्यातनंच जाती, डोळा मिटायची, हसायची. आपरेशन जपून करू, पन तोंड वाकडं हुनारच न्हाई असं सांगत न्हाई. आनि तशीच ठिवली तर साधी गाठ साधीच ऱ्हाईल असंबी न्हाई. दुखाया लागली, झपाट्यानं वाडली, न्हाईतर तोंड एका अंगाला ढिलं पडलं, तर घरात बसू नका, त्याच दिशी या.

मी परत गेलोच न्हाई. आबानं जीव लावून चिरली तर एकीच्या एवड्या झाल्या, ही तर परकी बाई, हिनं चिरल्यावर काय हुईल? भ्या वाटतं ताई, लपवू कशाला. पोरगी फोनवर भांडती. मी म्हनायचो, मेंढ्या व्यायल्या की येतो. व्यायल्या. मग म्हनलो, कोकरं जरा हिंडूफिरू द्यात.

आज सकाळी च्या पेत बसलो व्हतो. कारभारीन म्होरं चुलीपाशी. तिनं माज्याकडं टक लावून बगितलं, उटली, आनि पदरानं माजी हनवटी पुसली. च्या गळत व्हता डाव्या अंगानं, मला कळलंच न्हवतं. मी कप खाली ठिवला. मग तिनंच पोरीला फोन लावला.

पोरगी गाडी घिऊन निगालीया, दुपारपातुर यील. जातो आता, ज्ये हुईल त्ये हुईल. तुमचं, तुमच्या लेकराबाळांचं बरं हुंदे. तुमी माजा फोटू काडते म्हनला व्हता न्हवं? आत्ताच काडून घ्या ताई. ह्या उजव्या अंगानं.