कडेचं सोडून

(लोणावळा. एका दवाखान्याच्या मागच्या पायऱ्या. दुपार.)

भिमाजी : ह्यो डॉक्टर म्हनतो, गाठ छातीत उतरली. आन आखाडात तुझ्याच लॅबनं लिवून दिलं, काय न्हाई म्हनून. मधी चार म्हैनं गेलं. मला कळंल असं सांग, स्नेहल. पुतणी हाईस माझी, मोठाले शब्द नको घालू.

स्नेहल : तुमच्या मानेतला तुकडा काढला होता ना आबा, हरभऱ्याएवढा. तो आम्ही औषधात ठेवून काचेसारखा आरपार दिसेल असा करतो. मग कापावा लागत नाही, मशीन आतपर्यंत बघतं. पण सगळा तुकडा बारकाईनं बघायचा तर दोन दिवस जातात. म्हणून मशीन आधी वरवर नजर फिरवतं आणि चाळीस जागा निवडतं. तेवढ्यांचेच मोठे फोटो काढतं. ते चाळीस बघून डॉक्टर रिपोर्ट लिहितात.

भिमाजी : जागा कोन ठरवतं?

स्नेहल : मशीनच. आपोआप.

भिमाजी : तेला काय ठावं, कुटं बघायचं ते?

स्नेहल : शिकवावं लागतं.

भिमाजी : तू शिकवलंस. आपल्या समद्या बेडशात सांगितलंय मी, माझ्या पुतणीनं मशीनला शाळा शिकवली म्हनून.

स्नेहल : माहितीये मला.

भिमाजी : मग?

स्नेहल : दोन वर्षं मी रोज तुकड्यांवर खुणा केल्या. ही जागा घे, ही सोड. तुकडा काढताना चिमट्यानं त्याची कडा चेंगरते, तिथला फोटो धुरकट येतो. धुरकट फोटो गेला की लॅबचे सर बोलायचे. म्हणून मी कडेचं सोडत गेले. फोटो स्वच्छ यायला लागले. सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मशीन माझं बघून शिकलं. आता ते कडेला जातच नाही.

भिमाजी : आन माझं कडंला हुतं.

स्नेहल : हो. तुमच्या छातीचा फोटो बघितला आणि मी तो जुना तुकडा काढला. मशीनला निवडू दिलं नाही. दोन दिवस बसून सगळा बघितला. कडेला होतं आबा, अगदी स्पष्ट. शिकाऊ माणसालाही दिसलं असतं.

भिमाजी : भातावर करपा पडलाय का बघायचं तर आमी पयलं बांधाकडनं बघतो. मधलं रान हिरवंगारच दिसतं. ल्हानपनी तुला संगं न्यायचो की मी.

स्नेहल : लक्षात आहे.

भिमाजी : मग इसारलीस कशी?

स्नेहल : विसरले नाही. कडेचा फोटो चांगला दिसत नव्हता, एवढंच. दुसरं कारण मी खूप शोधलं. नाहीये.

भिमाजी : तवा कळलं असतं तर?

स्नेहल : औषधानं आटोक्यात आलं असतं. बहुतेक.

भिमाजी : बहुतेक म्हनू नको. मी इचारलं डॉक्टरला. त्यो म्हनला, आलं असतं.

स्नेहल : मला शिव्या द्या आबा. बाबांच्या मागं तुमीच शिकवलंत मला, तुमीच द्या.

भिमाजी : मगाशी मनात दिऊन बघितल्या. काय बरं वाटलं न्हाई. डोळं पूस, लोक बघत्यात.

स्नेहल : काकूला मी सांगते.

भिमाजी : नको. ती इचारंल, कुनी केलं. आन तुला खोटं बोलाया यीत न्हाई. मी सांगीन, नशिबात हुतं म्हनून. आजवर कदी नशिबाचं नाव काढलं न्हाई मी. आता काढंन.

स्नेहल : आबा.

भिमाजी : त्या मशीननं आनी किती जनांचं बघितलं?

स्नेहल : फेब्रुवारीपासून अकराशे बारा. काल सरांना सांगितलं. ते म्हणाले, मशीन सुधारू, पण जुन्या पेशंटना कशाला घाबरवायचं, सगळ्यांनाच काही असणार नाही.

भिमाजी : तुकडं परत बघ की. माझा बघितलास तसा.

स्नेहल : अलीकडचे आहेत, ते बघीन. आधीचे नाहीत, तीन महिने झाले की टाकून देतात. तुमचा मी बाजूला ठेवला होता, आपल्या घरचा म्हणून.

भिमाजी : शिरगावच्या नंदाबाईला मीच धाडली हुती तुझ्याकडं. बगलंत गाठ हुती तिच्या. म्हनलं, आमची पोरगी हाय तितं, घोर करू नको.

स्नेहल : मे महिन्यात आल्या होत्या.

भिमाजी : काय निघालं?

स्नेहल : काही नाही निघालं. रिपोर्ट मीच दिला हातात. माझ्या पाया पडायला वाकल्या, मी धरलं.

भिमाजी : तिचा तुकडा?

स्नेहल : टाकला. काल मी फोन केला त्यांना. म्हटलं, परत एकदा दाखवून जा. हसल्या. म्हणाल्या, तूच तर सांगितलंस काही नाही म्हणून, आता गाठ दुखतसुद्धा नाही. येणार नाहीत त्या.

भिमाजी : परवा कामशेतच्या बाजारात भेटली हुती. लय वाळलीया. मी म्हनलं, उपास धरलाय का काय. तर म्हनली, न्हाई, अन्नच जात न्हाई हल्ली. देवळातनं आली हुती. तुझ्यासाठी पेढं दिलं तिनं. पिशवीत हायत अजून.