एका टॅगची रंगरंगोटी

आमच्या पवईच्या ऑफिसातला टीम लीड केतन स्वतःला फार शहाणा समजतो, यार. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अख्खी डिस्कसुद्धा एक फाइल म्हणून दिसते. तिच्यात चुकून काही लिहिलं की डिस्कवरचं सगळं साफ! आमच्या मॅन्युअलमध्ये तसा इशारा होता, पण कोणीतरी त्या वेबपानाच्या कोडमधला एक टॅग, म्हणजे मजकुराभोवतीची खूण, बंदच केला नव्हता, म्हणून इशारा पानावर दिसत नव्हता. मी टॅग बंद करून दुरुस्ती केतनकडे मंजुरीला पाठवली.

हा हसला. म्हणे, "असली रंगरंगोटी नंतर बघू गं."

परवा याच साहेबांनी तेच पान बघून कमांड मारली आणि स्वतःचाच लॅपटॉप पुसून टाकला. वर माझ्या टेबलाशी येऊन ओरडतोय, "इशारा लिहायला काय झालं होतं?"

म्हटलं, "लिहिलाय ना. महिनाभर तुझ्याच मंजुरीला पडलाय."