पेट्यांवरची टकटक
कार्यक्रम संपला होता. विल्नियसच्या त्या सभागृहात कोट परत घ्यायच्या रांगेत आजच्या रचनेची संगीतकार रिमांते उभी होती. पुढच्या दोघी म्हाताऱ्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

"हे कसलं गं संगीत, स्तासे? नुसती लाकडावर टकटक!"

"बाबा गेले तेव्हा आईनं मधमाश्यांच्या पेट्यांवर अशीच टकटक केली होती. म्हणाली, बायांनो, तुमचा धनी गेला. वेळेत सांगितलं नाही तर उडून जातात त्या."

"म्हणून डोळे पुसत होतीस होय?"

"नाही गं. आई मग पेटीला कान लावून बसली. आतून गुणगुण आली, तेव्हाच उठली. इथे गुणगुण आलीच नाही."

"विसरली असेल तुझी संगीतकार!"

"असं कुणी विसरतं होय? तिचंही कुणी गेलं असेल, आणि बिचारी घरी पोचायच्या आधीच पेट्या रिकाम्या झाल्या असतील."