मागनं हाक

मुकी न्हाई वो ती. आमची सून हाय, मनुबाई. बोलती — म्हंजी बोलत हुती. शेरडं माळाला पांगली की बाकीच्या बाया हितनं हाळी देत्यात, ही पळत जाऊन शेरडांच्या म्होरं हुबी ऱ्हाती. त्येच लय आवडलं व्हय तुमाला? त्येच घ्यायचंय त्या चित्राच्या पेटीत, सायब? नगा घेऊ. माजं घ्या की. सकाळधरनं ह्यो दोर वळत बसलोय — तुमी म्हनला, केरबा, मी काय सांगनार न्हाई, कोपऱ्यात हुबा ऱ्हातो, तुमी तुमचं काम करा, जसं हाय तसं चित्रात येऊ दे. लय बरं. पन सायब, तुमी बघताय ह्ये मला ठावं हाय न्हवं? दोनदा उकलून पुन्ना वळलाय, चांगला दिसावा म्हनून! मंग ह्ये कसलं जसं हाय तसं?

पयला सायब बरा म्हनायचा, समदं सांगून करून घ्यायचा. बरा कसला — त्येनंच तर घात केला. लढाई चालू हुती, माजा ल्योक मानसिंग पल्टनीतनं रजेवर आलता, आन ह्यो सायब आला मुंबईस्नं, जवान घरनं कसा निघतो त्येचं हालतं चित्र काढायला. पोराला डिरेस घालून दारातनं चालवला. चालला. पुन्ना चालवला. सायबाला पाठ नगं, तोंड पायजे. सुनंला म्हनतोय, नाव घेऊन हाक मार. आता नवऱ्याचं नाव घेऊन कशी हाक मारंल ती? बरं, नाव नगं, नुसती हाक मार. तवा पोराची आई, आमची राहीबाई म्हनली, न्हाई जमायचं, निघालेल्या मानसाला आमच्यात मागनं हाक मारत न्हाईत. तर त्यो हासला — आवं, ही काय खरी निघायची येळ हाय व्हय? रजा हाय की अजून! त्येबी खरंच की. मंग पोरगी म्हनली, "आवं, जरा थांबा." ह्यो वळला. सायब खूश. आन सांजच्याला पोरगं हितंच बसून पिठलं-भाकरी जेवलं, दोन भाकरी जास्त.

खरा निघाला तवा तांबडं फुटायचं हुतं. मागनं कुनी चकार शब्द काढला न्हाई. चकार! पन त्ये बघितलं कुनी? गावानं बघितलं म्हसवडच्या बाजारात, सिनेमाची गाडी आली, पांढरं कापड बांधलं, त्येच्यावर. तवा शिट्ट्या मारल्या बाद्दरांनी. मंग बर्मातनं तार आली, पोरगं ग्येल्याची — आन त्येच तोंडं म्हनाय लागली, हिनं हाक मारली, आमी आमच्या डोळ्यानं बघितलं. डोळ्यानं! अरं पडद्यावर बघितलं रं! आन हाक तर ऐकूबी येत न्हाई त्यात — पोरगी तोंड उघडती आन कुनी परका बाप्या हिंदीत बोलतोय, वीर जवान हसत हसत निघाला म्हनून! आवाज घ्यायचाच नव्हता तर हाक कशाला मारायला लावली? सांगा की. तुमच्या धंद्यातलं हाय न्हवं?

लोकांचं सोडा. राहीबाई हितं दारात हुबी हुती, तिला समदं ठावं. पन त्ये चित्र बघून आल्यापासनं तिला खरं निघालेलं आठवतच न्हाई. म्हनती, हिनंच मागारी वळवला त्येला. सुनंच्या हातचं पानी घेत न्हाई. सोमवारी पोरीचा भाऊ येतोय, अर्जुना, तिला इस्लामपूरला माहेरी न्यायला. परत धाडू नगा म्हनून राहीबाई सांगनार हाय त्येला. आन मी काय करू? दोर वळू?

मी? मीबी बघितलंय की त्ये चित्र. म्हसवडला समद्यांसंगं. मंग दहिवडीला. मंग इस्लामपूरला — घरात बोलू नगा हं — व्याह्याला भेटायला जातो म्हनून ग्येलतो, तितं गाडी येनार म्हनून कळलं हुतं. लय झ्याक वळतो पोरगं. असा खांद्यावरनं, हासत. "काय गं?" म्हनतोय, ओठावरनं कळतं मला.

सायब, तुमी त्याच खात्यातलं. तुमच्या चित्रात बसतो मी, म्हनाल तितं बसतो, पन तेवढं कापाय लावा की त्यातलं. हाक तेवढी. पुढल्या बारीला गाडी आली की गावाला दिसायला नगं. राहीबाईलाबी म्हनंन मी, बघ, हाय का हाक? सोमवारच्या आदी न्हाई जमलं तर मागनं जमंल, मी आनीन पोरीला परत.

येकाच फितीच्या तुकड्यात हाय म्हनता? म्हंजी ती दारात आन त्यो वाटंवर, दोगं संगंच — मंग हाक काढली की वळायचंबी जातंय? समदंच? मंग त्यो नुसता पाठमोरा...

फोटू न्हाई वो दुसरा त्येचा. घरात न्हाई, कुठंच न्हाई.

ऱ्हाऊ द्या. कापू नगा. कुनाला कापाय सांगूबी नगा. ती पेटी आवरा आन जावा तुमी. जावा म्हनतो न्हवं!