आत्यानं नावं ठेवलेला लॅपटॉप

आत्या: …आणि कितीही आवडला तरी दात दाखवायचे नाहीत.

भाची: नाही दाखवत.

आत्या: आत्तासुद्धा दाखवतेयस.

भाची: अगं पण आत्या, तो बघ ना, काचेतून दिसतोय, तो राखाडी, खालच्या फळीवरचा! आपल्याला परवडेल असा तेवढा एकच आहे अख्ख्या दुकानात, काल मी तीनदा येऊन बघून गेले—

आत्या: बोट खाली. आधी ते बोट खाली कर. दुकानदारानं बघितलं म्हणजे भाव चढलाच समज. तीनदा येऊन गेलीस? त्यानं ओळखलं तर?

भाची: तिसऱ्यांदा ओढणी डोक्यावरून घेतली होती.

आत्या: देवा रे. आता ऐक. मी नावं ठेवणार, तू कंटाळल्यासारखी उभी राहणार. बास. मी खोकले की म्हणायचं, ‘चल आत्या, दुसरीकडे बघू,’ आणि दाराकडे वळायचं. जन्मभर शिलाई मशीन चालवलंय मी, कापडवाले मला पायरीवर बघूनच भाव उतरवतात.

भाची: पण जास्त ताणू नको हं. सोमवारपासून काम सुरू करायचंय मला, रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायचं, आणि लॅपटॉप स्वतःचा हवा असं काम देणाऱ्या बाईंनी बजावून सांगितलंय. रविवारी पप्पा येतायत. टेबलावर लॅपटॉप दिसला तर मी तुझ्याकडेच, नाही दिसला तर मी आणि माझी बॅग त्यांच्याबरोबर, आणि मग आयुष्यभर त्यांच्या दुकानात बसून नळाच्या तोट्या विकायच्या!

आत्या: माहितीये. रोज सकाळी चहाआधी हेच ऐकते. चल. तोंड वाकडं कर. आणखी. हां, अशी.

दुकानदार: या, या. काय दाखवू?

आत्या: काही नाही. ऊन फार होतं म्हणून आत आलो.

दुकानदार: बसा मग. पंखा लावतो.

भाची: तो राखाडी!

आत्या: उहुं! उहुं!

भाची: म्हणजे… तो राखाडी पंखा. छान आहे. चल आत्या, दुसरीकडे बघू.

आत्या: आत्ता नाही गं!

दुकानदार: पंखा विकायचा नाही ताई. लॅपटॉप दाखवू का एखादा? हा बघा, सुरूच करून देतो. काल एक मुलगी तीनदा बघून गेली.

आत्या: असल्याला गिऱ्हाईक मिळतं?

दुकानदार: का नाही मिळणार? टाईप करा, मेल बघा, बिलं भरा, व्हिडिओ कॉल करा. रोजच्या कामाला चोख आहे. गेम खेळायचे असतील तर मात्र मीच नको म्हणेन.

भाची: नाही नाही, टाईपच करायचंय! ऐकायचं आणि टाईप करायचं, एवढंच, आणि बटणं काय मऊ आहेत, आत्या, हात लावून बघ—

आत्या: तू पंख्याखाली बस. हं. बघू द्या हो जरा उजेडात. हे झाकण आणि हे बूड एका ताग्यातलं नाही.

दुकानदार: म्हणजे?

आत्या: रंग बघा. झाकण राखाडी, बूड निळसर राखाडी. मी काळ्या दोऱ्यातले चार काळे ओळखते. इथे जोड आहे. ठिगळ लावलंय.

दुकानदार: कमाल आहे. अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरंय मावशी. तीन बंद पडलेले होते, त्यातून हा एक केला मी. झाकण एकाचं, कीबोर्ड दुसऱ्याचा, आतलं सगळं तिसऱ्याचं.

आत्या: म्हणजे गोधडीच की. आणि हा आवाज कसला?

दुकानदार: आतला पंखा.

आत्या: बिनतेलाच्या मशीनसारखा करकरतोय.

दुकानदार: करकरतोय खरा.

आत्या: आणि उघडला की मान टाकतो. बघा. टाकली. परत टाकली.

दुकानदार: बिजागरी सैल आहे. घट्ट केली होती मी… पण टाकतोय, बरोबर आहे तुमचं.

आत्या: वायर काढली तर किती वेळ चालतो?

दुकानदार: वायर न काढलेलीच बरी.

आत्या: आणि वजन! हा मांडीवर घेतला तर पोरीला उठवायला दोन माणसं लागतील. बटणांवरची अक्षरं पुसलेली, कोपरा चेपलेला. आणि ह्याला तुम्ही चोख म्हणता. वर भावाची चिठ्ठी लावता ती वेगळीच.

भाची: (कुजबुजत) आत्या, पुरे. त्याचं तोंड बघ.

आत्या: उतरलंय ना? आता भावही उतरेल. बघ तू.

दुकानदार: मावशी.

आत्या: बोला.

दुकानदार: पटलं मला.

आत्या: पटणारच. मग किती?

दुकानदार: किती नाही. मी हा विकत नाही.

आत्या: काय?

दुकानदार: रोज बघून बघून मला दिसेनासंच झालं होतं हो. तुम्ही एकेक बोट ठेवलंत आणि लाज वाटली. असली वस्तू पोरीच्या गळ्यात मारायची म्हणजे पाप. हा बंद केला, आता खोलून टाकतो. सुटे भाग कामी येतील. इथेच होता स्क्रू ड्रायव्हर…

भाची: आत्या!!

आत्या: शांत राहा. डाव आहे हा. कापडबाजारात असले छप्पन्न बघितलेत मी. गठ्ठा उचलून आत नेतात, आपण पायरी उतरलो की पळत येतात.

भाची: त्यानं पहिला स्क्रू काढला.

आत्या: काढू दे. परत लावेल.

भाची: दुसरा काढला! वाटीत ठेवला! आत्या, तो गुणगुणतोय!

आत्या: गुणगुणतोय?

भाची: गाणं गुणगुणतोय, मजेत!

आत्या: मग खरंच खोलतोय मेला. अहो! अहो भाऊ, थांबा! हात वर करा!

दुकानदार: आता काय झालं?

आत्या: बाजूला ठेवा ते हत्यार. असं घाईघाईनं कुणी उसवतं का?

दुकानदार: तुम्हीच म्हणालात गोधडी आहे.

आत्या: मग गोधडी काय वाईट असते? अखंड कापड कुणीही शिवेल. तीन तुकडे जोडून सुरकुती पडू न देणं, त्याला हात लागतो. मला इतक्या वर्षांची नजर आहे म्हणून दिसलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं.

दुकानदार: पण आवाज करतो.

भाची: मला आवाज आवडतो! म्हणजे आवाजाशिवाय मला झोपच… कामच होत नाही! आत्याचं मशीन सुरू असतं ना दिवसभर, त्यात हा कुठल्या कुठे विरून जाईल!

दुकानदार: वजन आहे.

आत्या: असू दे. हलकं मशीन घेतलं होतं मी एकदा, शिवताना खोलीभर फिरायचं. ब्लाऊज सुरू करायची खिडकीशी, बाही लागायची मोरीपाशी. जड बरं. ठेवलं की ठेवलं.

दुकानदार: बॅटरी नाही, मावशी. वायर काढली की संपला.

आत्या: उत्तम! म्हणजे ही एका जागी बसेल. हिला जन्मापासून बघतेय, एका जागी बसलेली अजून बघितली नाही.

भाची: आणि मान टाकतो तर मागे उशी लावेन मी! नाहीतर भिंतीला टेकवेन! माझ्याकडे एक लाकडी ठोकळा पण आहे!

दुकानदार: एक मिनिट. एक मिनिट थांबा दोघी. मला नीट कळू द्या. मावशी, तुम्ही हे मनापासून बोलताय, की विकत घ्यायचा म्हणून बोलताय?

आत्या: विकत घ्यायचा म्हणून बोलतेय.

दुकानदार: बघा.

आत्या: पण खोटं बोलत नाहीये.

दुकानदार: आणि मघाशी बोललात ते? ते खोटं होतं?

आत्या: तेही खरंच होतं.

दुकानदार: मग मी काय समजायचं?

आत्या: अहो, जे घरी न्यायचं असतं त्यालाच माणूस नावं ठेवतं. नको असलेल्याकडे कोण इतकं निरखून बघतं? ही पोरगी बघा. सहा महिने माझ्याकडे आहे. सकाळी डोळे उघडल्यापासून मी हिला नावं ठेवते. ओला टॉवेल पलंगावर, सगळ्या खोल्यांत दिवे सुरू, चहाचे कप कुठे कुठे सापडतात विचारू नका. परवा दोऱ्याच्या डब्यात चमचा मिळाला.

भाची: तो मी शोधत होते!

आत्या: रोज म्हणते, जाशील तेव्हा सुटेन एकदाची. आणि आता तिचा बाप खरंच न्यायला यायचा म्हणतोय, तर…

भाची: तर काय, आत्या?

आत्या: तर काही नाही. स्क्रू लावा हो तुम्ही. मी मोजतेय.

दुकानदार: लावतो. लावतो आत्या.

आत्या: मघाशी मावशी म्हणत होतात.

दुकानदार: ही सारखी आत्या आत्या करतेय, तेच तोंडात बसलं. बरं, भाव मीच कमी करतो. बिजागरी खरंच सैल आहे.

आत्या: खबरदार! कमी केलात की परत लाज वाटायला लागेल तुम्हाला. चिठ्ठीवर आहे तोच घ्या.

भाची: आत्या, तू पूर्ण भाव देतेयस? तू? मी कापडवाल्यांना सांगणार हं, सगळ्यांना, एकेकाच्या पायरीवर जाऊन—

आत्या: सांगितलंस तर टाके घालून तोंड शिवेन.

दुकानदार: झाला बंद. एक स्क्रू उरला.

भाची: उरला?!

दुकानदार: कधीकधी उरतो.

आत्या: द्या इकडे. बटणाच्या डब्यात टाकते. सुरू करा.

दुकानदार: ताई, तुम्हीच करा. तुमचा आहे आता. वरचं बटण, जरा दाबून धरा.

भाची: दाबलं. काही होत नाहीये. आत्या, काही होत नाहीये. काळाच आहे. काळाच आहे! आत्या!! का… आला! आला आला आला! उजेड आला! करकरतोय! ऐक ना, कसला मस्त करकरतोय!

आत्या: बाई गं, माझा दंड सोड. वळ उठले.

दुकानदार: काही झालं तर घेऊन या. काही नाही झालं तरी या. आणि त्या ठोकळ्याऐवजी उशीच लावा.

भाची: थँक्यू, थँक्यू, थँक्यू! आत्या, पिशवी मी धरते, नको, तू धर, मला पप्पांना फोन लावायचाय, थांब, लागला. पप्पा! घेतला! …हो, आत्ता, दुकानाच्या पायरीवरच आहोत. …चालतो म्हणजे काय, धावतो! …जुना आहे हो, पण आत्यानं तपासून घेतलाय. …नाही, बॅग भरलेली नाही. भरायचीच नाही. तुम्ही या ना रविवारी, पण जेवायला या. …काय? …थांबा, विचारते.

आत्या: काय म्हणतोय?

भाची: म्हणतायत, काम मिळालं, लॅपटॉप झाला, सगळं ठीक. पण आत्याला तुझा त्रास होत नाही ना, ते खरं सांग.

आत्या: मग सांग की.

भाची: माझ्यावर विश्वास नाही त्यांचा. तूच बोल.

आत्या: आण तो फोन. आणि ही पिशवी धर. दोन्ही हातांनी. खालून. हं… हॅलो, दादा? …हो, मीच. …होतो ना. खूप होतो. …रोज. …राहू दे तिला.