माझ्या उशीवर चार्जिंगला

आमचा देशपांडे माहीत नाही? भाग्यवान आहात! इथे आखातात, जुफैरमधला माझा रूम पार्टनर, सित्र्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. मी गॅसवर दूध ठेवून दारापर्यंत गेलो तरी साहेबांचं भाषण सुरू.

एका शुक्रवारी दुपारी बघतो तर साहेबांचा व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, माझ्या उशीवर, लॅपटॉपच्या चार्जरला लावलेला.

"अरे, ह्याचा स्वतःचा चार्जर कुठाय?"

"हरवला. ह्याने पटकन होतं."

"मग निदान फरशीवर ठेव. बॅटरी फुगलीये बघ."

"आता तू मला सेफ्टी शिकवणार?" असं म्हणून स्वारी आंघोळीला गेली.

दहा मिनिटांत उशीतून धूर! मी प्लग काढला, सांडशीने व्हेप उचलून बाल्कनीत टाकला, उशीवर बादली ओतली. साहेब टॉवेलवरच बाहेर आले, धूर पाहिला आणि जिन्याने थेट खाली पार्किंगमध्ये. आग लागली की आधी इमारत रिकामी करायची ना!

रविवारी कामावरून आला तो खुशीत.

"तुझ्या जळक्या उशीचा फोटो दाखवला आज कामगारांना. सगळे हादरले!"

"आणि चूक कोणाची म्हणून सांगितलंस?"

"रूम पार्टनरची. उशी तुझीच होती ना?"